गोव्याच्या 40 आमदारांना खुलं पत्र: पोरांचे पैसे पोरं लहान असतानाच पोचूदेत

सन्माननीय आमदार मंडळींना,

सप्रेम नमस्कार. हे पत्र एकट्या मुख्यमंत्र्यांना किंवा आरोग्यमंत्र्यांना न लिहिता तुम्हा चाळीसही जणांना लिहितेय, कारण बजेट मांडतो एकजण पण ते पास करता तुम्ही सगळे. सत्तेतले असा नाहीतर विरोधातले, पर्वरीला विधानसभेत मागण्या मंजूर होतात त्या तुमच्याच हातांनी. आम्हाला बजेट कळतं ते टीव्हीवर, एवढे हजार कोटी, एवढ्या नवीन योजना, दुसऱ्या दिवशी पेपरात रंगीत चौकटी आणि मग वर्षभर त्याचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही. मी सत्तरीत राहते. आमचा बायकांचा गट आहे, शाळेतल्या मुलांचं दुपारचं जेवण आम्ही करून पोचवतो, आणि माझी मोठी जाऊ अंगणवाडीत सेविका आहे. म्हणजे सरकारी पैसा शेवटी जिथं मुलाच्या ताटात पडतो ती जागा आम्ही रोज बघतो, आणि तुम्हाला ती पर्वरीतून दिसत नसणार म्हणून हा खटाटोप.

माझं म्हणणं एकच आहे. मुलांसाठी किती पैसे ठेवले हे तुम्ही आम्हाला दरवर्षी सांगता, ते कधी पोचले हे कधीच सांगत नाही, आणि लहान मुलाच्या बाबतीत सगळा खेळ त्या "कधी"चाच असतो. रस्त्याचं बिल सहा महिने अडकलं तर रस्ता सहा महिने उशिरा होतो, त्रास होतो पण रस्ता होतो. सात महिन्यांच्या बाळाचा आहार सहा महिने अडकला तर ते बाळ तोवर तेरा महिन्यांचं झालेलं असतं, आणि ते मधले सहा महिने त्याला नंतर कुठल्याही योजनेतून परत देता येत नाहीत.

आता कुणी म्हणेल गोव्यात कसलं कुपोषण, आपलं राज्य श्रीमंत, दरडोई उत्पन्नात देशात वरच्या नंबरला. मलाही तसंच वाटायचं. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा पाचवा अहवाल आहे ना, ज्याचं गोव्यातलं काम 2019-20 साली झालं, तो सरकारचाच आहे, त्यात बघा. पाच वर्षांखालची 25.8 टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी, म्हणजे चारातलं एक. त्याच्या आधीच्या सर्वेक्षणात हा आकडा 20.1 होता, म्हणजे कमी व्हायचा तो वाढलाय. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांत रक्त कमी असलेली मुलं 53.2 टक्के, आधी 48.3 होती. बायकांचंही तेच, 31.3 वरनं 39. आणि त्याच अहवालात हेही आहे की आपल्याकडे जवळजवळ सगळी बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि बाळं दगावण्याचं प्रमाण देशात सगळ्यात कमी असलेल्या राज्यांत आपण येतो. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण जिथं आपण पैसा आणि माणसं नीट लावली तिथं फळ मिळालंय, आपले डॉक्टर, नर्सबाई, 108 वाले यांनी ते करून दाखवलंय. बाळ जगतं. पण जगलेलं बाळ पुढची दोन वर्षं नीट वाढतं का, तिथं आपण कमी पडतोय, आणि ती दोन वर्षं दवाखान्यात जात नाहीत, घरात आणि अंगणवाडीत जातात.

डॉक्टर लोक सांगतात की आई गरोदर राहिल्यापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंतचे हजार दिवस सगळ्यात महत्त्वाचे, मेंदूची आणि उंचीची बरीचशी वाढ तेव्हाच होते. आता तुमच्या बजेटच्या पुस्तकात बघा, कुठल्याही खात्याचं पान उघडा. यंदाचा अंदाज असतो, गेल्या वर्षाचा सुधारित अंदाज असतो आणि प्रत्यक्ष खर्च असतो तो दोन वर्षांपूर्वीचा. 2025-26 च्या पुस्तकात खरा झालेला खर्च दिसतो तो 2023-24 चा. म्हणजे ज्या बाळासाठी तुम्ही पैसे मंजूर केलेत त्याच्यावर ते खर्च झाले की नाही हे सभागृहाला कळेपर्यंत त्या बाळाचे हजार दिवस संपत आलेले असतात. बाकी खात्यांना ही पद्धत चालत असेल, मला त्यातलं कळत नाही, पण लहान मुलांच्या बाबतीत ही पद्धत चालणार नाही एवढं मला नक्की कळतं.

आता दर सांगते. अंगणवाडीतल्या सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलासाठी पूरक आहाराचा केंद्राचा दर दिवसाला 8 रुपये आहे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईसाठी साडेनऊ, अगदी अशक्त झालेल्या मुलासाठी 12, वर्षातले तीनशे दिवस, आणि यातले अर्धे केंद्राचे अर्धे राज्याचे. हा दर ठरला 2017 साली. त्यातून मुलाच्या पोटात 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रोटीन जायला पाहिजे असं कागदावर आहे. वाळपईच्या बाजारात आज एक अंडं सात-आठ रुपयांना आहे. झालं, त्या दिवसाचे पैसे संपले, तेल नाही, डाळ नाही, गूळ नाही. 2025 च्या केंद्रीय बजेटच्या भाषणात हे दर योग्य तसे वाढवू असं सांगितलं होतं. पण आपल्या राज्यानं दिल्लीची वाट बघत का बसावं? मुलं आपली आहेत, संख्या लहान आहे, सगळ्या गोव्यात मिळून अंगणवाड्या बाराशेच्या वर थोड्या, महाराष्ट्राच्या एकेका मोठ्या जिल्ह्यात त्याहून जास्त असतात. राज्यानं आपल्या तिजोरीतून प्रत्येक मुलामागे रोज अजून एका अंड्याचे, अंडं न खाणाऱ्यांना मूठभर शेंगदाणे आणि गुळाचे पैसे घातले तर काय तिजोरी रिकामी होणार नाही.

माझी जाऊ काय काय करते ते सांगते म्हणजे पैशासोबत माणसाचाही विषय येईल. देशभर सगळीकडे आशाताई आहेत, आपल्या गोव्यात त्या नाहीत. म्हणून गावात घरोघरी जायचं जे काम दुसऱ्या राज्यात दोघी-तिघी वाटून घेतात ते इथं सेविका आणि एएनएम सिस्टर, म्हणजे आरोग्य केंद्राच्या नर्सबाई, यांच्यावर पडतं. सकाळी मुलं गोळा करायची, वजन-उंची घ्यायची, गरोदर बायकांच्या घरी जायचं, लसीच्या दिवशी आठवण करायची, आणि हे सगळं पोषण ट्रॅकर नावाच्या ॲपवर भरायचं. आता तर घरी न्यायचा आहार देताना आईचा चेहरा फोनवर ओळखून घ्यावा लागतो. आमच्या वाड्यावर रेंज मिळते ती देवळाच्या वरच्या बाजूला काजूच्या बागेत. पाऊसकाळात ती फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिथं वर जाते, कधी ॲप उघडतं, कधी गोल गोल फिरत राहतं. एखादी आई कामाला गेलेली असेल, सासू बाळ घेऊन आलेली असेल तर चेहरा जुळत नाही. हे केलं चोरी थांबावी म्हणून, ठीक आहे, चोरी थांबायलाच पाहिजे. पण रेंज नसलेल्या गावात त्याची शिक्षा बाळाला का? आणि या कामासाठी केंद्रानं ठरवलेलं सेविकेचं मानधन 2018 पासून साडेचार हजार, त्यावर आपलं राज्य भर घालतं म्हणून त्यांचं भागतं. त्या भर घालण्याबद्दल आभारच आहेत, पण त्यांना स्वयंसेविका म्हणायचं आणि काम पूर्ण वेळचं घ्यायचं हे किती वर्षं चालवणार ते तुम्हीच ठरवा.

रक्तवाढीच्या औषधाचं तसंच. ॲनिमिया मुक्त भारतच्या नियमानं सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला आठवड्यातून दोनदा एक मिली लोहाचं सिरप द्यायचं, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला गुलाबी गोळी, दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना निळी. साधं आणि स्वस्त औषध आहे. पण त्याला सातत्य लागतं. बाटली संपली आणि पुढची दोन महिन्यांनी आली तर आई काय समजते माहिती आहे का, तिला वाटतं कोर्स पुरा झाला. परत सुरू करायला सांगितलं की ती म्हणते शी काळी होते, नको. एकदा तुटलेली सवय परत बसवायला सेविकेला किती बोलावं लागतं ते मी समोर बसून ऐकलंय. खरेदीची फाईल कुठंतरी थोडी उशिरा सरकते त्याचा परिणाम असा खाली येतो.

आता आमच्या गटाचं. शाळेतल्या जेवणाचं बिल आम्ही महिना संपला की हजेरीसकट सादर करतो. पैसे कधी वेळेवर येतात, कधी ग्रँट आली नाही म्हणून दोन-दोन तीन-तीन महिने लटकतात. गोव्यातल्या बहुतेक गटांची हीच रड आहे, पेपरात कितीदा आलंय. पण त्याचा मुलांशी काय संबंध हे कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. पहिला महिना दुकानदार उधार देतो. दुसऱ्या महिन्यात तोंड वाकडं करून देतो. तिसऱ्या महिन्यात तो चणे, मूग, तूरडाळ उधारीवर द्यायला तयार नसतो, बटाटे-कांदे देतो, पोदेर, म्हणजे पाववाला, ओळखीचा म्हणून पाव देतो. मग भाजीत कडधान्य कमी होतं आणि बटाटा वाढतो. कुठल्याही गटातल्या बाईला बाजूला घेऊन विचारा, ती हेच सांगेल. ताट भरलेलं दिसतं, फोटोत छान दिसतं, पण त्यातलं ज्याच्यानं पोर वाढतं तेच गेलेलं असतं. आमच्यातल्या एकीनं गळ्यातली चेन सोसायटीत ठेवून सिलिंडर आणले. सरकारनं गरीब बायकांकडून बिनव्याजी कर्ज घेऊन मुलांना जेवू घालावं का? मला हा प्रश्न मनापासून पडतो. आणि हे पैसे काही नवीन मागत नाही आम्ही, मंजूर झालेलेच आहेत, तुम्हीच हात वर करून मंजूर केलेले.

आजारपणाकडे येते. तालुक्याचं आणि दवाखान्याचं नाव घेत नाही, तिथल्या कुणाला दोष द्यायचा नाहीय. आमच्या नात्यातल्या एका मुलीचं आठ-नऊ महिन्यांचं बाळ, दोन दिवस सर्दी-ताप, तिसऱ्या रात्री छाती आत ओढायला लागलं. जवळच्या सरकारी दवाखान्यात ड्युटीवर डॉक्टर होते, त्यांनी ऑक्सिजन लावला, धीर दिला, पण मुलांचे डॉक्टर त्या रात्री नव्हते म्हणून पुढे पाठवलं, तिथून आणखी पुढे. बाळ वाचलं, देवाची कृपा आणि डॉक्टरांची मेहनत. पण पुढचं कुणी मोजत नाही. बाळाचा बाप पिकअपवर ड्रायव्हर, रोजचा पगार, तो गेला. आई वॉर्डात बाळाजवळ, घरी थोरली पहिलीतली, ती शेजाऱ्यांकडे जेवली आणि शाळा बुडाली. औषधं फुकट मिळाली, खाटेचे पैसे नाहीत, हे आपल्या गोव्याचं मोठं काम आहे, मी ते मान्य करते. तरी जायचं-यायचं, बाहेरचं जेवण, डिस्चार्जनंतर परत दाखवायला नेलं ते भाड्याच्या गाडीनं, यात त्यांची चवथीसाठी साठवलेली पुंजी गेली. सरकारी आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड होतं की त्यांच्याकडे. 2016 पासूनची ही योजना, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसं असली तर चार लाखांचं कव्हर. मोठ्या ऑपरेशनला तिचा आधार आहेच. पण बापाचा बुडालेला रोज आणि गाडीचं भाडं त्या कार्डावर निघत नाही, आणि गरीब घर खचतं ते या खर्चानं.

काणकोणहून मडगावला पस्तीस-चाळीस किलोमीटर आणि तिथून पुढे बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजला म्हणजे गोमेकॉला, धरलं तर पासष्टच्या वर. नेत्रावळीच्या, सुर्लाच्या, खोतीगावच्या माणसाला विचारा रात्री तापानं फणफणलेलं मूल घेऊन हे अंतर कसं वाटतं. गोमेकॉवर आमचा विश्वास आहे, सगळ्या गोव्याचा आहे, शेजारच्या सावंतवाडी-दोडामार्गचाही आहे. म्हणूनच तिथं गर्दी होते. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात स्पष्ट लिहिलंय की आरोग्याच्या पैशातला दोन तृतीयांश किंवा जास्त भाग प्राथमिक आरोग्यावर जावा, आणि राज्यांनी आपल्या बजेटचे 8 टक्क्यांहून जास्त पैसे आरोग्याला द्यावेत, तेही 2020 पर्यंत. तुम्ही चर्चेला उभे राहता तेव्हा मोठ्या बिल्डिंगीविषयी, मशिनींविषयी बोलता, ते हवंच, पण वाळपई, काणकोण, सांगे, धारबांदोडा, पेडणे इथं रात्रीच्या वेळी मुलांचा डॉक्टर किंवा निदान मुलांच्या आजाराचं नीट ट्रेनिंग घेतलेला डॉक्टर आणि नर्स असते का, एवढं एक तरी विचारा.

गोव्यानं आधी चांगली कामं केलेली आहेत हे विसरून चालणार नाही. जन्मलेल्या बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन थायरॉईडसारखे जन्मजात आजार तपासायची योजना देशात सगळ्यात आधी आपल्या राज्यानं 2008 साली आणली. थायरॉईड कमी असलेल्या बाळाला पहिल्या काही आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ते बाकीच्या मुलांसारखं वाढतं, उशीर झाला तर बुद्धी कायमची मागे राहते. गोळी अगदी स्वस्त. ही योजना मध्ये काही वर्षं बंद पडली आणि मग परत सुरू झाली. त्या मधल्या वर्षांत जन्मलेल्या मुलांचं काय, हा प्रश्न सभागृहात कुणीतरी विचारायला पाहिजे होता. अशी एखादी योजना बंद पडते तेव्हा मोर्चा निघत नाही, कारण ज्याचं नुकसान झालं ते बाळ पाळण्यात असतं.

बायकांच्या खात्यात पैसे देणाऱ्या योजनांविषयी माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. गृह आधारचे दीड हजार आमच्या गटात बऱ्याच जणींना येतात आणि त्यातले बरेचसे मुलांच्या दुधा-औषधावरच जातात, म्हणून ते वेळेवर यायलाच हवेत, आणि कितीतरी वर्षं रक्कम तिथंच आहे तीही बघा. पण लाडली लक्ष्मीचे एक लाख मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर, लग्नाच्या वेळी. मला विचाराल तर त्यातला काही भाग ती दोन वर्षांची व्हायच्या आत तिच्या आईच्या हातात यावा. आई पहिले सहा महिने कामावर न जाता घरी राहू शकली, बाळाला अंगावर पाजू शकली तर त्या मुलीचं जे भलं होईल ते अठरा वर्षांनी मिळालेल्या लाखानं होणार नाही. लग्नाला मदत नको असं मी म्हणत नाही, क्रम बदला म्हणते.

पैसे कुठून आणणार असं विचाराल. खाणींचा पैसा आहे की. 2015 साली कायदा बदलला आणि प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा खनिज निधी झाला, आपल्याकडे उत्तर आणि दक्षिण असे दोन. त्यातले निदान 60 टक्के पैसे खाणीच्या भागातल्या लोकांच्या पाणी, आरोग्य, शिक्षण, बायका-मुलांच्या कल्याणासाठी वापरायचे असं तेव्हाच ठरलं. आणि आपल्याकडे त्यातला मोठा भाग वर्षानुवर्षं बँकेत पडून राहिला. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा, या भागातल्या मुलांनी ट्रकची लाल धूळ खाल्ली, खाण बंद पडली तेव्हा त्यांच्याच घरातली कमाई गेली, आणि त्यांच्या नावचे पैसे ठेवीत. याच पैशातून या चार तालुक्यांतल्या अंगणवाड्यांना अंडं, आरोग्य केंद्राला मुलांचा डॉक्टर, आणि रेफर केलेल्या बाळाच्या आई-बापाला जाण्या-येण्याचा खर्च आणि बुडालेल्या रोजाचे थोडे पैसे देता येतात. पैसा आहे, नियमात बसतं, मग थांबलंय कशासाठी?

तर आमची मागणी अशी आहे की दर तीन महिन्यांनी सरकारनं तालुकावार एक पानाचा हिशेब सभागृहासमोर ठेवावा. त्या तालुक्यात अंगणवाडीचा आहार किती दिवस मिळाला आणि किती दिवस चुकला, लोहाचं सिरप किती दिवस शिल्लक नव्हतं, शाळेच्या जेवणाची बिलं किती गटांची किती महिन्यांची थकली आहेत, मुलांचे डॉक्टर किती रात्री हजर होते, आणि पाच वर्षांखालची किती मुलं रात्रीची दुसरीकडे पाठवावी लागली. बस एवढंच. ही माहिती खात्यांकडे असतेच, वहीत किंवा ॲपवर, फक्त ती एकत्र करून लावायची, आणि तेच पान मराठी-कोंकणीत पंचायतीच्या बोर्डावरही लावायचं म्हणजे आम्ही आमच्या गावाशी ताडून बघू. गटांचं बिल पुढच्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत जमा व्हावं, आणि नाही झालं तर का नाही झालं हे मंत्र्यांनी सभागृहात सांगावं.

प्रश्नोत्तराच्या तासाला तारांकित प्रश्नाची नोटीस आधी द्यावी लागते हे मला माहीत आहे. पुढच्या अधिवेशनासाठी तुमच्यापैकी जे कुणी ती देतील त्यांना आमच्याकडची सगळी माहिती, बिलांच्या तारखा, हजेरीच्या झेरॉक्स, आम्ही आणून देऊ, पक्ष कुठला का असेना. आमच्या मतदारसंघाच्या आमदारांना हे पत्र मी हातानंच नेऊन देणार आहे, बाकीच्यांनी इथंच वाचावं.

तुमची,
सत्तरीतल्या एका महिला गटातली बाई आणि दोन मुलांची आई